उंबरदऱ्यातलं समान नेटवाटप

मु. उंबरदरा, ता. राहुरी,
जि. अहिल्यानगर (पाकिटावर नगर लिहिलंत तरी चालेल, आमचा पोस्टमन दोन्ही नावांना ओ देतो)
११ ऑगस्ट

राजमान्य राजश्री जावईबापू नितीनराव यांना गोरक्षनाथाचा मनापासून आशीर्वाद आणि, वयाचा मान क्षणभर बाजूला ठेवून, नमस्कारसुद्धा.

तुमच्या पुण्याच्या घरी सगळ्यांच्या प्रकृती ठणठणीत आहेत असं मी धरून चालतो. नसत्या तर माधुरीनं कळवलं असतं, आणि तिनं कळवूनही ते आमच्यापर्यंत पोचलं नसेल तर तो दोष बॉक्सचा, म्हणजे फिरून फिरून तुमचाच. पण जावयाला दोष द्यायची आमच्याकडं रीत नाही, म्हणून मी तो देत नाही, फक्त नोंद करून ठेवतो. माझा डावा गुडघा दुखतो. उजवा दुखत नाही, पण डाव्याचं बघून तोही शिकतोय. तुमच्या सासूबाईंची साखर आटोक्यात आहे (असं त्या म्हणतात, डब्यातले लाडू वेगळं सांगतात). आता एवढं मोठं पत्र, तेही शाईच्या पेनानं, आजच्या काळात कशाला, असं तुमच्या मनात आलंच असेल. सध्या काही दिवस मी नेट वापरत नाही. सार्वजनिक कामाच्या माणसाला असे त्याग करावे लागतात.

तर गोष्ट तुमच्या बॉक्सची. जानेवारीत तुम्ही स्वतः येऊन, कंपनीच्या समाजकार्यातून म्हणून, तो समाजमंदिरातल्या लोखंडी कपाटात बसवलात तेव्हा वाडीनं तुम्हाला फेटा बांधला होता. आमच्या वाडीच्या तीन अंगांना डोंगर आणि चौथ्या अंगाला मुळा धरणाचं पाणी. मोबाईलची रेंज मिळवायची तर वडाच्या दुसऱ्या फांदीवर चढावं लागायचं, आणि त्या फांदीवर एका वेळी एकच माणूस मावायचा. तुम्ही छपरावर एक ताटली आकाशाकडं तोंड करून बसवली, तिचं नेट उपग्रहावरून येणार. दुसरी छोटी ताटली पाण्यापलीकडच्या टॉवरकडं तोंड करून, तिचं नेट जमिनीवरून येणार. वाडीनं लगेच नावं ठेवली, वरचं नेट आणि खालचं नेट. वरचं महिन्याला मोजून मिळतं, आभाळ आलं की रुसतं. खालचं भरवशाचं, पण बारीक धारेचं. आणि मधे हा बॉक्स. तुमचे शब्द मला पाठ आहेत : "मामा, हा बॉक्स दोन्हीकडचं नेट घेतो आणि सगळ्यांना अगदी सारखं वाटून देतो. माणसानं मधे हात घालायची गरजच नाही."

त्या वाक्यावर मी गालातल्या गालात हसलो होतो, ते तुम्हाला दिसलं नाही. मी एकतीस वर्षं मुळा कालव्यावर पाटकरी होतो. (तुमच्याकडं नळाला पाणी येतं म्हणून सांगतो : कालव्याचं पाणी बारीबारीनं शेतकऱ्यांना वाटून देतो तो पाटकरी.) सारखं वाटणं ही काय चीज असते ते मी फावडी उगारलेल्या माणसांच्या मधे उभं राहून शिकलोय. पण जावई बोलत असताना सासऱ्यानं मधे बोलू नये.

पहिले पंधरा दिवस रामराज्य. मग आसारामनं बॉक्सचा स्वभाव ओळखला. हा आसाराम वाडीच्या वरच्या अंगाला राहतो, वीस म्हशी, मोठा गोठा, आणि देवानं डोकं दिलंय ते फक्त दुसऱ्याच्या वाट्याचं काय करता येईल यासाठी. तुमचा बॉक्स माणसं मोजत नव्हता, यंत्रं मोजत होता. जेवढी यंत्रं तेवढे वाटे. आसारामनं नगरहून आठ कॅमेरे आणले. त्याची बायको शिंगणापूरकडची. तिच्या माहेरी घराला दार लावत नाहीत, आणि इथं सासरी गोठ्याला आठ कॅमेरे! म्हणजे आसारामच्या घराला मोबाईलचे चार आणि कॅमेऱ्यांचे आठ असे बारा वाटे, आणि वाडीच्या शेवटी राहणाऱ्या भीमराजच्या घराला एकच मोबाईल म्हणून एक वाटा. आठांतले सहा कॅमेरे रात्रंदिवस म्हशींकडं बघत होते आणि बघितलेलं सगळं आकाशात पाठवत होते. म्हशी रवंथ करतायत हे उपग्रहाला सेकंदासेकंदाला कळत होतं, आणि अंगणवाडीच्या पोरांची वजनं चार दिवस कपाटापाशी अडकून होती.

याच काळात तो लोणच्याचा प्रकार झाला, आणि त्याबद्दल मी आपल्या मातोश्रींची लेखी माफी मागतो. सगळ्यांनी बॉक्सवर तोंड लावल्यामुळं बोललेलं पोचायला वेळ लागायचा. आमच्या हिनं व्हिडीओवर माधुरीला विचारलं, लोणचं टिकलं का? उत्तर येईना, म्हणून हिनं पुढचा प्रश्न टाकला, विहीणबाई कशा आहेत? आणि तेवढ्यात माधुरीचं पहिलं उत्तर येऊन थडकलं, "वरनं बुरशी आलीय, पण टाकून द्यायला जीव होत नाही." विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी प्रश्न ऐकला, आपल्या सुनेचं उत्तर ऐकलं आणि उठून आत गेल्या. बुरशी लोणच्याला आली होती, हे त्यांना कृपया शांतपणे समजावून सांगा. बरणी दाखवा.

मी तुम्हाला कळवलं, तुम्ही पुण्यात बसून काहीतरी दाबलंत आणि यंत्रांऐवजी घराला एक वाटा असं केलंत. आसारामनं तिसऱ्या दिवशी ग्रामसभेत जाहीर केलं की आम्ही विभक्त झालो. तो एक घर, धाकटा भाऊ दुसरं घर आणि सत्तरीची म्हातारी आई तिसरं घर. रेशनकार्डं वेगळी, दारावर नंबर वेगळे. इथवर आसारामचं बरोबर चाललं होतं. पण म्हातारीनं ते खरं मानलं. तिनं चूल वेगळी मांडली, दोन म्हशी सोडून आपल्या दारात बांधल्या आणि आपल्या वाट्याचा पासवर्ड आसारामला द्यायचं नाकारलं. आता ती दिवसभर कीर्तनं बघते आणि आसारामनं हात जोडले की म्हणते, "ईभक्त म्हंजे ईभक्त. तूच बोल्ला ना भर सभेत?" (म्हातारीच्या त्या दोन म्हशी आता कॅमेऱ्यात दिसत नाहीत म्हणून आसारामचा जीव कासावीस होतो तो निराळाच.)

अशा वेळी वाडीला अनुभवी माणसाची आठवण झाली. सभेत कुणीतरी म्हणालं की नानांनी (म्हणजे मी) पाणी वाटलंय, नेट काय अवघड हाय त्यात? मी नको नको म्हणत कपाटाची किल्ली घेतली. (दोनदाच म्हणालो. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर किल्ली दुसरीकडं गेली असती.) मी कालव्याच्या धर्तीवर तक्ता केला. एकेका घराला अर्धा तास बारी, त्या अर्ध्या तासात बाकीच्यांनी आपापलं नेट बंद ठेवायचं, आणि सुरुवात शेवटच्या घरापासून, कारण कालव्यातून शेतात पाणी नेणाऱ्या चारीचा नियमच आहे, आधी शेवटाला, मग मुखाला. तक्ता समाजमंदिराच्या दाराला चिकटवला, खाली सही केली, सहीखाली पाटकरी (सेवानिवृत्त) असं लिहिलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

तक्ता उत्तम होता. माणसं तक्त्याच्या लायकीची नव्हती. बारी सोडून कुणी नेट बंद ठेवलं नाही. ज्यांनी ठेवलं त्यांचे निरोप पुढच्या बारीपर्यंत अडकून राहिले. रविवारच्या जेवणाचं आवतन मंगळवारी पोचलं आणि एक कुटुंब खरोखर मंगळवारी जेवायला गेलं. भीमराजची बारी पहाटे पाचला, आणि भीमराज त्या वेळी नागापूर एमआयडीसीच्या पाळीला जायला बस पकडत असायचा. मी त्याला म्हटलं, तक्ता पंधरा दिवसांनी फिरतो, थोडा धीर धर. तो कधीच बोलत नाही. त्याची मुलगी बोलते.

ती मुलगी म्हणजे दिशा. बारावीला नव्वद टक्क्यांच्या वर, शेतकीच्या पदवीला जायचं, तेही राहुरीलाच. प्रवेशाचा अर्ज नेटवर भरायचा होता. मागच्या महिन्यात एका शुक्रवारी त्याची मुदत संपत होती, सायंकाळी पाच वाजता. बापाच्या उत्पन्नाचा दाखला हातात पडायला त्याच दिवशी दुपारचे तीन वाजले. राहुरीला जायचं तर पाण्याला वळसा घालून दीड तास, आणि एसटी बारालाच निघून गेलेली. तिची बारी तक्त्याप्रमाणं दुसऱ्या दिवशी होती. वर आभाळ गच्च, म्हणून वरचं नेट रुसलेलं. खाली एकच बारीक धार, आणि त्या धारेला अख्खी वाडी लागलेली, कारण क्रिकेटची मॅच होती. पोरगी धापा टाकत समाजमंदिरात आली आणि म्हणाली, काका, माझी बारी आज द्या. पंधरा मिनिटं पुरे.

नितीनराव, मी नाही म्हणालो. खोटं कशाला लिहू. मी म्हणालो की आज एकीला दिली तर उद्या सगळे मागतील, बारी म्हणजे बारी, मी एकतीस वर्षं कुणाची बारी मोडलेली नाही.

ती आवाज न चढवता म्हणाली, "खरंय काका. आमच्या आज्यालाबी बारी मिळायची. कागदावर. चारीच्या शेवटाला आमचं एकच एकर हुतं, पानी यायच्या आत तुमची शिट्टी व्हायची, बारी संपली म्हनून. आज्यानं त्या रानात कधी भिजलेली माती बघितली न्हाई. तुमी बारी मोडली न्हाई ते बरोबरच हाय."

आणि ती पायरीवर बसली. रडली असती तर मी समजूत घातली असती. समजूत घालायचा मला चांगला सराव आहे. ती फक्त घड्याळाकडं बघत बसली. मला तिच्या आजाचा चेहरा आठवला. तो बांधावर असाच बसायचा, आणि मी सायकलवरून जाताना त्याला सांगायचो की तक्त्यात नाव आहे तुमचं, काळजी करू नका.

मी तुम्हाला फोन लावायचा प्रयत्न केला. तो लागला नाही, कारण फोनही नेटवरूनच लागतो. बॉक्समधून बाकीच्यांना कसं तोडायचं ते मला येत नव्हतं (तुम्ही शिकवलं नव्हतंत, मी विचारलंही नव्हतं). मग मी मला येत होतं ते केलं. घरातून जुनी शिट्टी काढली, गोठ्यातलं घमेलं उचललं आणि वाडीत निघालो. कालव्याला शेवटाकडं पाणी पोचवायचं तर वरची सगळी दारं पाडावी, म्हणजे बंद करावी लागतात. एकेका दारात शिट्टी वाजवायची, घमेलं पुढं करायचं आणि म्हणायचं, मोबाईल टाका, पाचनंतर परत. गुडघा? गुडघ्याचं त्या वेळी कुणी ऐकत नव्हतं. लोकांना आधी वाटलं मी कसलीतरी वर्गणी मागतोय, म्हणून निम्मी दारं लागली. मग पोरीच्या अर्जाचं कळलं, आणि दारं उघडली. तुम्हाला सांगतो, शिव्या देत का होईना, माणसं मोबाईल टाकत होती. चार वाजून दहा मिनिटांनी घमेलं जड झालं.

आसारामच्या दारात अडलं. शेवटच्या चार ओव्हर राहिल्या होत्या.

"नाना, घरदार मागा, देतो. आत्ता मोबाईल मागू नका."

"पोरीचा अर्ज आहे, आसाराम."

"मग मी काय करू? मी माझ्या वाट्याचं बघतोय. घराला येक वाटा, तुमच्याच जावयाचा नियम."

एवढ्यात शेजारच्या घरातून, म्हणजे विभक्त घरातून, म्हातारी बाहेर आली. कीर्तन अर्ध्यावर सोडून तिनं स्वतःचा मोबाईल घमेल्यात टाकला आणि आसारामकडं बघून म्हणाली, "तू धा यत्ता नापास झाला तव्हा म्या देवाला नारळ फोडला, का पोरगं निदान बैलं तरी नीट हाकंल. ही पोरगी पास झालीया. दे त्यो डबडा." आसारामनं मोबाईल दिला. आणि मग, हे मला त्याच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे, तो आपणहून शिडी लावून वर चढला, आठही कॅमेऱ्यांच्या वायरी उपटल्या आणि खाली येऊन माझ्या हातातलं घमेलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. अख्खी वाडी त्याच्या मागं समाजमंदिरात.

चार वाजून पस्तीस. दिशानं अंगणवाडीचा लॅपटॉप उघडला. पान उघडेना, नुसतं गोल फिरत होतं. घमेल्यात सगळ्या घरांचे मोबाईल, कॅमेरे बंद, आणि तरीही गोल फिरतंय. आसाराम कपाळावर हात मारून म्हणाला की मॅचपण गेली आणि अर्जपण. दिशा मात्र उठली, कपाटाच्या दाराला आतून तुम्ही चिकटवलेला पासवर्ड वाचला (मला तो सहा महिने देवाचा मंत्र वाटत होता) आणि बॉक्समध्ये शिरून बघितलं. म्हणाली की एक मोबाईल अजून चालू आहे, एकटाच सगळी धार ओढतोय. कुणाचा, कुणाचा, म्हणून गलका झाला. तिनं पडद्याकडं बघितलं, मग घटकाभर माझ्याकडं, आणि म्हणाली, "असंल कुनाचातरी. मी इथूनच बंद करते."

त्या मोबाईलचा बंदोबस्त झाला. पान उघडलं. दाखला चढला. चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी अर्ज गेला आणि पोचल्याचा निरोप आला. टाळ्या पडल्या, आसारामनं सर्वांत जोरात वाजवल्या आणि लगेच विचारलं, आता माझा मोबाईल घेऊ का? मॅच संपलेली होती. कोण जिंकलं ते त्याला भीमराजनं सांगितलं. तो पाळी संपवून दमून येत होता, बसमध्ये ऐकलं होतं. लेकीचा अर्ज गेल्याचं ऐकून तो दारातच उभा राहिला आणि पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलला. म्हणाला, नाना, चहाला या घरी. एकतीस वर्षांत मी त्या घरी चहा घेतला नव्हता. आता घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली दिशाच्या हातात दिली. तिनं तासाभरात बॉक्सला नवं शिकवलं : अर्ज, दवाखाना, रेशनचं मशीन यांना आधी वाट, मग घराघराला सारखा वाटा, ज्याला त्या घटकेला नको असेल त्याचा वाटा आपोआप हवा असणाऱ्याला, आणि जड काम दुसऱ्याची गरज भागल्यावर. हे मला एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. पण वर कळवायची पद्धत नव्हती. परवा यादी लागली, तिला राहुरीच मिळालं. भीमराजनं पेढे वाटले, शेवटच्या घरापासून सुरुवात करून. आमच्यापर्यंत येईतो चुरा उरला होता. गोड होता.

तर आता लिहिणं आवरतो. माधुरीला पोटभर आशीर्वाद. पंचमीला तुमची वाट पाहिली, आला नाहीत. गौरीला तरी या. कळावे असं म्हणायची पद्धत आहे, पण तुम्हाला आधीच फार कळतं, म्हणून फक्त लोभ असू द्यावा.

तुमचा सासरा,
गोरक्षनाथ

ता. क. १ : वरच्या मजकुरात एका मोबाईलचा उल्लेख आला आहे. तो माझा होता. बॉक्सच्या यादीत त्याच्यापुढं माझं संपूर्ण नाव लिहून येतं, आणि दिशा दर महिन्याची यादी दाराला चिकटवणार आहे, अगदी माझा तक्ता होता त्याच जागी. तुम्हाला पुण्यातून ते नाव बदलता येईल का? दुसरं कोणतंही चालेल. 'आसाराम' सुटसुटीत आहे.

ता. क. २ : गैरसमज नको म्हणून सांगतो, मी भलतंसलतं काही बघत नव्हतो. मी पाठवत होतो. निवृत्तीनंतर मी पाणीवाटपावर नेटवरून व्याख्यानं द्यायला सुरुवात केली आहे, मोबाईल बरणीला टेकवून, चौदा झाली. चौदावं, चारीचं दार धरताना घ्यायची काळजी, एक तास पन्नास मिनिटांचं आहे आणि चार दिवस चढत होतं. दिशानं ते तोडलं आणि महिनाभर माझा वाटा दिवसाला दहा मिनिटांवर आणला (त्याग म्हणालो तो हा). व्याख्यानांना सध्या तीन प्रेक्षक आहेत. एक मी, दुसरी तुमच्या सासूबाई (त्यांना त्यानं झोप चांगली लागते), आणि तिसरा एक टोपणनावाचा अनोळखी गृहस्थ. तो दर व्याख्यानाखाली मला 'गुरुजी' म्हणून असा नेमका प्रश्न विचारतो की असा माणूस मला खात्यात सुद्धा भेटला नाही. तुमच्या कंपनीतून त्याचा पत्ता काढता येईल का? मला त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा आहे.

ता. क. ३ : जावईबापू, मी आक्काबाई, तुमची सासू. पाकीट चिकटवाया माझ्याकडं दिलंय म्हनून हे लिवते. त्यो तिसरा मानूस आसाराम हाय. ह्यास्नी सांगू नका. रोज सकाळी दाढी करून, इस्तरीचा सदरा घालून त्या बरनीपुढं बसत्यात, आन् कुनी बघत न्हाई म्हनून मला बघवना. मंग मी आसारामच्या पाया पडले. त्याला पान्यातलं काय बी कळत न्हाई. प्रश्न मी सांगते, त्यो लिवतो. पन आता चौदा झाली, मला फुडं काय इचारू ते सुचंना झालंय. तुमी शिकलेले हाय, दोन-चार चांगले अवघड प्रश्न लिवून धाडा. लई अवघड नको. उत्तर ह्यास्नी आलं पायजे.